पोचा आलेल्या तांब्यावरून सिरॅमिकचं शिल्प कसं करायचं

सगळ्यात आधी घरातलं एक भांडं शोधा, आणि ते शोकेसमधलं नको, चिंच लावून चकाचक केलेलं अँटिक तर अजिबात नको, रोज हातात येणारं पाहिजे, पोचा आलेलं, काठ झिजलेला, ओट्यावर ठेवलं की जरा डुगडुगणारं. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी असा एक पितळेचा तांब्या आहे, आजीच्या लग्नातला, गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं आणि पोटावर एका बाजूला हा एवढा मोठा पोचा (गुजरातीत गोबो म्हणतात, आम्हा बडोदेकरांच्या तोंडात दोन्ही शब्द असतात). आई दोन वेळा तो मोडीत द्यायला निघाली होती, दोन्ही वेळा मी काढून घेतला. गेल्या तीन वर्षांत मी जी शिल्पं केली ती जवळजवळ सगळी या एका तांब्यातून निघालीत, म्हणून ह्या गाईडमध्ये उदाहरण तांब्याचंच घेते, तुम्ही कळशी घ्या, पातेलं घ्या, लोणच्याची बरणी घ्या, पद्धत तीच.

भांड्यावरून शिल्प करायचं म्हटलं की पहिल्यांदा सगळे एकच गोष्ट करतात, तोच आकार मोठा करतात आणि वरून चकचकीत ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) देतात. मीपण केलं. ते वाईट दिसत नाही पण ते मोठं भांडंच राहतं, हॉटेलच्या लॉबीत ठेवतात तसं. माझं म्हणणं असं आहे की भांड्याकडून आकार कमी घ्या आणि वापर जास्त घ्या. पोचा, झीज, घातलेलं नाव, आतली कल्हई, ह्या चार गोष्टी त्या भांड्याबरोबर घरातल्या माणसांनी काय केलं ते सांगतात, आणि मातीत ह्या चारही गोष्टी खऱ्याखुऱ्या करता येतात, रंगवून दाखवायची गरज पडत नाही.

बघायला कुठे जाल तर बडोद्यात आपण नशीबवान आहोत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथे आहे आणि ज्योत्स्ना भट्ट (१९४०-२०२०) यांनी तिथे कित्येक वर्षं सिरॅमिक शिकवलं. त्यांची मांजरं, घुबडं, त्यांच्या थाळ्या बघितल्या की कळतं, मॅट ग्लेझ किती शांत असतं आणि मोजक्या रेषेत किती काम होतं. बाहेरच्यांमध्ये मॅग्डलीन ओडुंडो बघा, मूळच्या केनियाच्या, मातीच्या वळ्या (लांब गोल सुरळ्या) रचून घडा करतात, घासून घासून चमक आणतात, आणि त्यांच्या घड्याला मान, पोट, कंबर सगळं माणसासारखं असतं. आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्विन हॅन्सन पिगॉट (१९३५-२०१३) यांच्या साध्या बाटल्या, वाट्या, पेले, जे ओळीत मांडले की तो गट हेच शिल्प होतं. फोटो बघताना एवढंच बघा की ह्यांनी भांड्यातलं काय ठेवलं आणि काय बदललं.

आता आपलं भांडं. दोन दिवस त्याच्याबरोबर बसा. डोळे मिटून हात फिरवा आणि जिथे बोट अडकतं तिथे खडूने खूण करा. संध्याकाळी दिवा लावून भिंतीवर त्याची सावली पाडा, कागद चिकटवा आणि बाहेरची रेघ काढून घ्या, चारही बाजूंनी. माझ्या तांब्याची सावली चार बाजूंनी चार वेगळ्या भांड्यांची वाटते, पोच्यामुळे. मग ठरवा की काय बदलणार, आणि एकच गोष्ट बदला. एक तर माप, एक तर तोल, एक तर तोंड. तिन्ही एकदम बदलले की बघणाऱ्याला तो तांब्या आहे हेच ओळखू येत नाही आणि मग सगळा खेळ संपला. मी माप बदलते, १५ सेंटीमीटरचा तांब्या ३० चा करते, बाकी त्याला हात लावत नाही.

मापावरून महत्त्वाचं. माती वाळताना आणि भाजताना आटते. तुमच्या मातीची एक पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा आणि ज्या तापमानाला शिल्प भाजणार त्याच तापमानाला भाजून मोजा. ८.८ भरली तर १२ टक्के आटली. मग ३० चं शिल्प हवं असेल तर ३० भागिले ०.८८, म्हणजे ३४ सेंटीमीटरचं घडवायला लागेल. आणि घडवायला बसायच्या आधी ज्या भट्टीत जाणार तिची आतली उंची-रुंदी विचारून घ्या, हे मी दोनदा लिहिलं तरी कमी आहे, शिल्प तयार आणि भट्टीचं दार लागत नाही असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

माती कुठली? स्टुडिओत मिळणारी स्टोनवेअर क्ले (१२०० अंशांच्या वर भाजायची माती) घ्या आणि त्यात ग्रॉग असलेली मागा. ग्रॉग म्हणजे आधी भाजलेल्या मातीचा चुरा, तो २० टक्क्यांच्या आसपास असला की जाड भिंत तडकत नाही, वाळताना पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. गुजरातमध्ये मातीची तशी चिंता नाही, थानगढ भागातली फायर क्ले, मोरबी-वांकानेरचा सगळा सिरॅमिक उद्योग जवळ आहे. ३४ सेंटीमीटरच्या तांब्याला ७-८ किलो लागते, १० आणा. कुंभारवाड्यातली लाल माती पण सुंदर असते आणि मी त्यात काम करते, पण एक लक्षात ठेवा, ती माती हजार अंशाच्या आसपासची आहे, तिला स्टोनवेअरच्या भट्टीत १२०० च्या वर नेलं तर ती फुगते, वितळते आणि भट्टीतल्या शेल्फला चिकटते, आणि शेल्फ बहुतेक वेळा दुसऱ्याची असते.

माती मळून घ्या, कणकेसारखी, पण कणकेत हवा चालते इथे नाही चालत. मळल्यावर तारेने मधून कापा, कापलेल्या तोंडावर भोकं दिसली तर परत मळा.

बूड १ सेंटीमीटर जाड, त्यावर बोटाएवढ्या जाड वळ्या. वळी ठेवायच्या आधी खालचा काठ काट्याने खरवडायचा, त्याच मातीची पातळ रबडी लावायची, वळी बसवायची आणि आतून बाहेरून दोन्हीकडून अंगठ्याने खाली ओढून एकजीव करायची. एका बैठकीत चार-पाच वळ्या, जास्त नाही, मग काठावर ओलं फडकं आणि बाकीच्याला जरा हवा लागू द्या, खालचा भाग आवळला की पुढच्या वळ्या. घाई केली की तांब्याचं पोट बसतं, आणि तो बसलेला आकार पोच्यासारखा दिसत नाही, थकल्यासारखा दिसतो. पोटाच्या सगळ्यात रुंद जागेपर्यंत आलात की कुंभारासारखं करा, आतून गोल गुळगुळीत दगड धरा आणि बाहेरून लाकडी थापीने चोपा. भिंत दाबली जाते, सारखी होते, पोट हळूहळू बाहेर येतं. कुंभारवाड्यात एक काका माठ असेच चोपतात, चाकावरून काढलेला जाड आणि छोटा घडा चोपून चोपून मोठा करतात, त्यांच्याकडे मी नुसती बसून दोन दुपारी बघत होते आणि वर्षभरात वर्कशॉपमध्ये शिकले नव्हते ते तिथे शिकले. जाऊन बघा, आधी विचारा, काम चालू असताना मधे मधे प्रश्न विचारू नका.

भिंत ८ ते १० मिलिमीटर ठेवा. गळ्याला अरुंद करत आणा, काठ बाहेर वळवा. काठ मात्र पातळ हवा, पाच-सहा मिलिमीटर, कारण पितळेचा काठ पातळ असतो आणि बघणाऱ्याचा डोळा पहिल्यांदा काठावर जातो, जाड काठ दिसला की त्याला आतली सगळी भिंत जड वाटायला लागते.

आता पोचा. हे सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात अवघड काम, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

बोटाने दाबून पोचा होत नाही. बोटाने दाबला की बोटाचा खड्डा होतो, आणि तो खोटा आहे हे लगेच कळतं. खरा पोचा पडल्यावर येतो, मोरीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायरीवर, नळाखाली आपटून. त्याला एका बाजूला धार असते, मधे सपाट आणि कडेला पोट थोडं फुगलेलं, कारण पत्रा आत गेला की कुठेतरी बाहेर येणारच. आपल्या तांब्याचा पोचा उजेडात आडवा धरून बघा, ही धार दिसेल.

मातीत तसाच यायला हवा असेल तर मातीला पण आपटायलाच लागतं. त्यासाठी वेळ साधावी लागते. अंगठा टेकवला तर ठसा उठतो पण माती बोटाला लागत नाही, ताज्या पनीरसारखी झालेली असते, ती वेळ. त्याच्या आधी केलं तर सगळं बसेल, उशीर केला तर तडा जाईल. त्या वेळी तांब्याचं तोंड मातीच्या चकतीने घट्ट बंद करा, रबडी लावून, हवा अजिबात जायला नको. आत कोंडलेली हवा फुग्यासारखं काम करते, भिंतीला आतून धरून ठेवते, त्यामुळे पोचा जिथे पडतो तिथेच पडतो आणि पोटाचा बाकीचा भाग ताठ राहतो, उलट थोडा फुगतो, अगदी पितळेसारखा. मग ओट्याच्या किंवा लाकडी ठोकळ्याच्या कडेवर ओलं सुती फडकं टाका, तांब्या दोन्ही हातांनी धरा आणि दहा-पंधरा सेंटीमीटरवरून त्या कडेवर सोडा. सोडा म्हणजे खरंच सोडा. हात मागे राहिला की पोचा पण मागे राहतो. एकदाच करा, लगेच बघा, आणि पुरे असेल तर तिथेच थांबा, मला अजून एक, अजून एक करायची फार सवय होती, त्यात चार तांब्यांचं नुकसान झालं.

पोच्याच्या धारेवर बारीक चिरा दिसतील, त्या ओल्या न करता चमच्याच्या पाठीने दाबून बंद करा, पाणी लावलं तर वाळताना परत उघडतात. आणि मग तोंडावरची चकती कापून काढा. ती विसरलात आणि बंद शिल्प तसंच वाळायला ठेवलं तर माती आटते, आतली हवा आटत नाही, तडा जातोच. काही कारणाने तोंड बंदच ठेवायचं असेल तर बुडाला सुईने आरपार भोक पाहिजे.

झीज. आजी पाणी नेहमी एकाच बाजूने ओतायची, त्यामुळे काठ त्या बाजूला पातळ झालाय, हे मला तांब्या हातात घेऊन सहा महिन्यांनी कळलं. मातीत हे करायला ओला स्पंज फक्त, दुसरं काही नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवायचा, घाई न करता. ग्रॉग वर यायला लागला की थांबायचं. कान असलेलं भांडं असेल तर हात धरायची जागा अशीच करा.

नाव घालणं. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून देणारे दुकानात बसलेले असायचे, छोट्या मशीनने टिकटिक टिकटिक करत ठिपके मारायचे, हळदीकुंकवाला वाटलेल्या वाट्यांवरपण असायची नावं, तारखेसकट. मातीवर हे खिळ्याने करता येतं. माती जरा अजून घट्ट झाल्यावर, चामड्यासारखी, १ मिलिमीटर खोल, सारख्या अंतरावर. आधी कागदावर ठिपक्यांत नाव लिहून बघा, आपली शिरोरेघ ठिपक्यांत कशी जाते ते वेगळंच असतं, पोटाच्या गोलाईवर ती वर चढत जाते. पोचा जर नावावरून जाणार असेल तर नाव आधी घाला आणि मग आपटा, कारण भांड्यावरही आधी नाव आलं, पोचा नंतर. माझ्या मते नाव खरं असावं, तुमच्या घरातल्या कोणाचं तरी. नुसतं डिझाइन म्हणून मारलेले ठिपके मी बघितलेत, त्यात काही नसतं.

वाळवणं बडोद्यात ऋतू बघून. मे महिन्यात ४० च्या वर जातं, वारा गरम, काठ दोन तासांत वाळतो आणि पोट ओलंच, काठ आटायला बघतो, पोट सोडत नाही, मग काठाला उभी चीर. तेव्हा काठावर प्लॅस्टिकची पिशवी आणि पोट उघडं. पावसाळ्यात उलटं, वरून वाळल्यासारखं वाटतं पण बुडात पाणी असतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी बारा दिवस वाळवून एका शेअर्ड भट्टीत तांब्या लावला, बूड ओलं होतं, पाण्याची वाफ झाली आणि बूड फुटलं, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कोणाच्या दोन वाट्यांवर त्याचे तुकडे आदळले. माझं गेलं त्याच्यापेक्षा त्यांचं गेलं ह्याचं मला जास्त लागलं. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते, लागोपाठ तीन दिवस वजन तेच भरलं तर वाळलं. गालाला लावून थंड लागलं तर अजून ओलं आहे. शिल्प लाकडी जाळीवर ठेवा म्हणजे बुडाला खालून हवा मिळते.

पहिली भाजणी म्हणजे बिस्क, १००० अंश सेल्सिअसला. भट्टीवाल्यांना सांगा की जाड काम आहे. रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवायचं, मग ६०० पर्यंत तासाला १०० पेक्षा जास्त नाही. ह्या पट्ट्यात दोन गोष्टी होतात, मातीच्या रेणूत बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ अचानक फुगतो, थंड होताना तिथेच परत आकसतो. त्यामुळे उतरताना पण दार लवकर उघडायचं नाही, हाताला सोसेल एवढी भट्टी निवली की मगच.

आणि आता कल्हई, मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई म्हणजे कथिलाचा थर, ताक-चिंचेचं आंबट पितळेला लागून कळकू नये म्हणून. आणि सिरॅमिकमध्ये पांढरं ग्लेझ करायची जुनी पद्धत म्हणजे पारदर्शक ग्लेझमध्ये टिन ऑक्साइड, म्हणजे परत कथिलच! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तांब्या घेऊन आईकडे पळत गेले होते. पाच-सहा टक्के टिन ऑक्साइडने मऊ दुधाळ पांढरा येतो. ते महाग आहे, म्हणून बरेच स्टुडिओ झिर्कोनियम सिलिकेट वापरतात, दहा-बारा टक्के लागतं, पांढरा येतो पण जरा कोरडा. मी ह्या एका कामात टिनच वापरते. तांब्या एक तृतीयांश भरेल एवढं ग्लेझ ओता, आडवा धरून गोल फिरवा आणि दहा-पंधरा सेकंदात ओतून टाका. थर जाड नको, फक्त आतून ग्लेझ असलं की भिंतीवर एकाच बाजूने ताण येतो आणि जाड थराने आख्खं शिल्प तडकू शकतं. काठावरून थोडं बाहेर आलं तर येऊ द्या, कल्हईवाल्याच्या हातूनपण येतं.

बाहेरून ग्लेझ नको. चमक आली की उजेड उड्या मारतो आणि पोच्याची धार दिसत नाही. लाल आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवा, ब्रशने सगळीकडे लावा आणि ओल्या स्पंजने पुसून टाका, ठिपक्यांत, ग्रॉगमध्ये आणि पोच्याच्या धारेत राहील तेवढंच ठेवा. नाव उठून येतं. सोनेरी मेटॅलिक रंग लावू नका, प्लीज, मातीला पितळेचं सोंग नको. मग १२२० ते १२४० अंशांची दुसरी भाजणी, पण तुमच्या मातीचं आणि ग्लेझचं जे तापमान असेल तेच, आधी छोट्या तुकड्यावर टेस्ट करून. बुडाला ग्लेझचा थेंब नको, पुसून घ्या.

लाल माती असेल तर बाहेरून टेरा सिजिलाटा करा, म्हणजे अगदी बारीक मातीचा, घासला की चमकणारा लेप. एक लिटर पाण्यात ४०० ग्रॅम वाळलेली बारीक माती आणि दोन ग्रॅम सोडियम सिलिकेट, ढवळून एक दिवस न हलवता ठेवा, वरचं पाणी टाकून द्या, मधला पातळ थर तेवढा घ्या, तळाचा गाळ नको. वाळलेल्या शिल्पावर तीन हात द्या आणि मऊ कापडाने घासा. हजार अंशांपर्यंत ती चमक राहते, त्याच्या फार वर नेलं की जाते. आतून कल्हईच्या जागी पांढऱ्या मातीची स्लिप, म्हणजे पातळ रबडी.

वाळलेली माती घासताना आणि ग्लेझची पावडर कालवताना एन-९५ मास्क लावा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. घरात लहान मुलं असतील तर ग्लेझचं काम स्वयंपाकघरात करूच नका. आणि शिल्पातून पाणी प्यायचं नाही, कोणी हौसेने भरलं तर थांबवा.

तयार झाल्यावर बूड फरशीवर ठेवून बघा. डुगडुगत असेल तर सँडपेपरने सपाट करायच्या आधी जरा थांबा, मूळ तांब्या डुगडुगतो का ते आठवा. माझा डुगडुगतो, म्हणून मी तसाच ठेवला आणि खाली फेल्टचे तीन छोटे तुकडे लावले, पडू नये एवढेच.

मांडायला पांढरा उंच पेडेस्टल असतो ना, छातीएवढा, तो ह्या कामाला चालत नाही, तिथून फक्त पोट दिसतं. जुनी लाकडी घडवंची मिळाली तर बघा, नाहीतर गुडघ्याच्या जरा वर येईल असं स्टूल, आणि उजेड एका बाजूने, पोच्याच्या समोरून नको. नाव भिंतीकडे थोडं वळवून ठेवा. एवढ्या उंचीवर ठेवला की माणसं जवळ येतात, वाकतात, आत डोकावतात आणि तळाशी तो पांढरा गोल दिसतो, तेवढा उजेड आत पोचतोय का ते तुम्ही आधी स्वतः वाकून बघून घ्या.